मोरडीवरचा सदरा

नाचणीतल्या बुजगावण्याला मी मेलेल्या सासऱ्यांचा सदरा घातला. आता सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र मी स्वतःवर भलतीच खूश होते. साखळीच्या शाळेत शिवणात पहिली आलेली, लग्न होऊन पेडण्यात आलेली. सगळी अक्कल जणू माझ्याच पदरात बांधून पाठवली होती. बाराव्यानंतर त्यांचे कपडे देऊन टाकले, त्यातला टेरिकॉटचा तेवढा एक मी मागे दडवला. चांगला सदरा, वाया कशाला घालवायचा?

आमची मोरड म्हणजे डोंगरउतारावरची जमीन. विहीर नाही, पाट नाही, पाऊस देईल तेवढंच. वर नाचणी, खाली भाताचे कुणगे, म्हणजे बांध घातलेले लहान तुकडे, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर एखादं कडधान्य, कुळीथ नाहीतर अळसांदे, म्हणजे चवळी. कुठल्या कुणग्यात काय येईल, ते सासरे माती बोटांत चोळून सांगायचे. पेरणी आटोपली आणि ते गेले. पुढचं कोणालाच सांगून ठेवलं नव्हतं. नवरा माझा तुयेच्या कारखान्यात लागलेला. आईला म्हणाला, "भात कापला की पुरे. मगे पडीक रवांदे."

हल्ली शेतकी खात्याची मुलं येतात, माती पिशवीत भरून नेतात आणि विचारतात, "आजी, खालच्या कुणग्यात काय चांगलं येतं?" मी कुळीथ म्हणून सांगते. मला ते कोणाकडून कळलं, ते सांगत नाही.

तर नाचणीला कणसं धरली, पाखरं उतरू लागली, म्हणून मी बुजगावणं उभं केलं. घाईत आडवी काठी तिरकी बांधली गेली. सासऱ्यांचा डावा खांदा उतरलेला होता, हे सदरा घातल्यावर आठवलं. पाखरं गेली. वानरंही फिरकेनात. शेजारीण वाट बदलून लांबून जायला लागली. मी आपली फुशारले, बघा म्हटलं माझं काम.

एके दिवशी सासूबाई बेणायला गेल्या, त्या जेवणवेळ झाली तरी परतल्या नाहीत. मी वर गेले. डोंगरावर धुकं उतरलं होतं. त्या शेताच्या मेरेवर बसल्या होत्या, बुजगावण्याकडे पाठ करून, नवऱ्यापुढे बसायच्या तशाच. तण उपटत हलक्या आवाजात सांगत होत्या, कुठे पाणी तुंबलंय, कुठे कीड लागलीय. मधेच थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या, मान डोलवायच्या. वारा अगदी पडला होता, तरी सदऱ्याची बाही हलत होती.

शिवणातला पहिला नंबर कुठे पळाला कोण जाणे. म्हटलं, "आई, चुकलं माझं. काढते तो सदरा."

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"काढ गो, काढ. पण वायच थांब. खालच्या कुणग्यात कुळीथ पेरूचो काय अळसांदे, ता तेंनी अजून सांगूक ना."