वजू टिकत नव्हता तेव्हा

पक्षाघातानंतर माझा डावा हात परत आला, पायही बऱ्यापैकी चालू लागला, पण लघवीवरचा ताबा गेला. लागली असं कळायचं आणि बाथरूमच्या दारातच कपडे ओले व्हायचे. तेव्हा आम्ही सौदीत होतो; अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये बायको माझी लुंगी बदलायची आणि मी भिंतीकडे बघत राहायचो.

नमाजाआधी वजू करतात, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन पाक होतात. थेंब गळला की तो तुटतो. मी पुन्हा पुन्हा वजू करायचो, उभा राहायचो आणि सजद्यात कपाळ टेकायला वाकताच ओल जाणवायची. शेवटी जानमाज, नमाजाची चटई, कपाटात ठेवून दिली. ही कशाची शिक्षा? की अल्लाहलाच मी समोर नको होतो? मार मेंदूला बसलेला, त्यामुळे हे विचार माझे की आजाराचे, तेही उमगेना. बायको म्हणायची, "डॉक्टरांना सांगा तरी." मी प्रत्येक वेळी चालण्याबद्दलच बोलून परत यायचो.

एका दुपारी व्यायामासाठी हॉस्पिटलात गेलो होतो. जोहरची, दुपारच्या नमाजाची अजान झाली, लोक नमाजाच्या खोलीत गेले, मी बाहेर बाकावर बसून राहिलो. काठी टेकत एक म्हातारे हैदराबादी गृहस्थ आले आणि हिंदीत म्हणाले, "चला भाई, जमात उभी राहतेय, सगळे रांगेत लागले."

"पक्षाघात झाल्यापासून माझा वजू टिकत नाही," मी म्हणालो. जे डॉक्टरला सांगितलं नाही, ते या परक्या माणसाला कसं सांगून गेलो, मला अजून कळलेलं नाही. त्यांना कदाचित वासही आला असेल. ते शेजारी बसले, पायजमा जरा वर केला. पोटरीला लघवीची पिशवी बांधलेली होती.

"मलाही झटकाच आला होता," ते म्हणाले. "नमाजाची वेळ झाली की कपडा बदलायचा, एकदा वजू करायचा. मग गळेल ते गळू दे. जे आपल्या हातात नाही, ते माफ आहे. आणि डॉक्टरपाशी लाजू नका."

आम्ही खुर्च्यांवर शेजारी बसून नमाज पढलो. मध्येच मला गळलं. मी घाबरलो, पण उठलो नाही. शेवटी दोन्हीकडे मान वळवून सलाम फिरवल्यावर मी बराच वेळ रडत होतो. मान वर केली तेव्हा ते निघून गेले होते. नावही विचारायचं राहिलं.

त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. झटक्यानंतर पुष्कळांना होतं, म्हणाले. तपासणी झाली, गोळी मिळाली, ठरलेल्या वेळी लघवीला जायची सवय लावून घेतली. बराच फरक पडला, पूर्ण नाही.

तो माणूस पाठवलेला होता की आपणहून आलेला, मला सांगता येत नाही. अल्लाहचा शुक्र मात्र रोज मानतो. आधी निर्मळ व्हावं आणि मग त्याच्यापुढे जावं, असं मी समजत होतो. आता जसा आहे तसा जातो. परवा असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या वेळी पुन्हा गळलं. मी नमाज पुरी केली.