परवा नाही

सुमन लांजेवार बाई. हे नाव सगळ्यात आधी लिहितो, कारण मी आज चार ओळी नीट लिहू शकतो ते त्यांच्यामुळे. मूलच्या शाळेत त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. माझे वडील तलावात जाळं टाकायचे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाईंनी दोन वर्षं मला आपल्या पडवीत बसवून अभ्यास करून घेतला, म्हणून मी बी.कॉम. झालो.

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही. या सदरातले अनुभव वाचून मी हसलेलो आहे. म्हणून आधीच एक विनंती – लिहितोय त्यात भूत शोधू नका. हे घडलं तेव्हा कुणीही मेलेलं नव्हतं. आणि बाईंना कुणी भूत म्हटलं की माझं डोकं अजूनही फिरतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या ऑफिसात मी नुकताच लागलो होतो, प्रोबेशनवर. माझं टेबल खिडकीशी. सकाळी पुसलं तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर चुनखडीची पांढरी भुकटी बसायची. इंग्रजी बरं होतं, म्हणून माझ्याकडे काम आलं मोठ्या साहेबांच्या विमानप्रवासाचं. मी तोपर्यंत विमान फक्त वर बघून पाहिलेलं होतं.

त्या वेळी साहेबांना ब्राझीलला एक प्लांट बघायला जायचं होतं. नागपूर–मुंबई, मुंबई–फ्रँकफर्ट, तिथे एक रात्र मुक्काम, मग साओ पावलो. येताना जोहान्सबर्गला आणखी एक मुक्काम. सगळं बिझनेस क्लास. "मी बाकड्यावर बसून रात्र काढणार नाही. हॉटेल पाहिजे, एअरपोर्टच्या जवळ पाहिजे, आणि उशी मऊ पाहिजे," हे साहेबांचे शब्द. आता मुक्काम म्हटला की एअरपोर्टच्या बाहेर पडणं आलं, म्हणजे एका रात्रीपुरता व्हिसा आला, हॉटेलचा फॅक्स आला. विमानांच्या वेळापत्रकाचं एक जाडजूड पुस्तक यायचं, मुंगीएवढी अक्षरं. त्यातून मी तीन आठवडे रस्ता काढत होतो.

खरं सांगतो, मला ते काम आवडायचं. कारण ते बाईंनी शिकवलेलं होतं. शाळेतला पृथ्वीचा गोल वाळवीनं खाल्ला होता. म्हणून बाई घरून मोठं कोहळं आणायच्या, त्यावर कोळशानं रेघा ओढायच्या आणि खिडकीतल्या उन्हात ते फिरवायच्या. "घड्याळ नंतर. आधी सांगा, सूर्य कुठं आहे?" कुणाचं उत्तर चुकलं की त्या चिडत नसत. "परवा नाही. परवा नाही," म्हणायच्या आणि कोहळं पुन्हा फिरवायच्या.

बाई स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. दिवाळीत त्यांनी मला म्हटलं होतं, "दिवाकर, ते विमानाचं पुस्तक एकदा आणून दाखव रे." मागच्या महिन्याचा अंक मी त्यांच्यासाठी ड्रॉवरमध्ये ठेवलाही होता. एक दिवसाची सुटी हवी होती, बस. मी चार वेळा मागितली. चारही वेळा साहेब फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "परवा बघू."

आता तो बुधवार.

दुपारचे तीन वाजत आले होते. तिकिटं तयार, व्हिसा तयार, गाडी सांगितलेली. कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं – 'परवा, शुक्रवार. सकाळी गाडी, संध्याकाळचं नागपूर–मुंबई विमान, रात्री फ्रँकफर्ट.' इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. उचलला. आधी खरखर... मग बाईंचा आवाज. अगदी वर्गातला. धाप नाही, कंप नाही.

"दिवाकर. परवा नाही."

मी उभाच राहिलो. "बाई? तुम्ही? कुठून बोलता?" त्यांच्या घरी फोन नव्हता.

"परवा नाही रे," त्या पुन्हा म्हणाल्या. फोन बंद झाला.

मला वाटलं, मी भेटायला गेलो नाही म्हणून त्या माझी समजूत घालताहेत. डोळे भरून आले. रिसीव्हर ठेवला, खाली बसलो, आणि समोरच्या कागदावर माझंच अक्षर – 'परवा'.

मुंबईहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या विमानाची वेळ होती शुक्रवार, शून्य वाजून चाळीस मिनिटं. आमच्या गावात दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. शुक्रवारची रात्र म्हणजे शुक्रवारचं जेवण झाल्यानंतरची रात्र. पण तिकिटावरचा शुक्रवार गुरुवारच्या मध्यरात्रीच सुरू होत होता! साहेबांना निघायचं होतं ते परवा नाही, उद्या. मी त्यांना चोवीस तास उशिरा पोचवणार होतो. नोकरी गेलीच असती.

नागपूरच्या तिकीट एजंटला सांगायला फोन उचलला, तर आवाजच नाही. धावत ऑपरेटर नलूताईंकडे गेलो.

"बाहेरची लाइन द्या ना, लवकर!"

"कुठून देऊ भाऊ? लाइन तं सकाळपासूनच मेली हाय. खाणीतल्या ब्लास्टिंगनं केबल तुटली मंते."

"मग मला आत्ता बाहेरून फोन कसा आला?"

नलूताईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जेवला नाई का आज?"

सायकल काढली आणि गावातल्या एसटीडी बूथवर गेलो. एजंटला गुरुवारच्या नागपूर–मुंबई विमानात जागा मिळाली. गुरुवारी सकाळी साहेब निघाले. गाडीत बसताना म्हणाले, "काल शुक्रवार म्हणत होतास ना? नीट काम करत जा."

साहेब गेल्यावर सुटी द्यायला कुणी नव्हतं आणि अडवायलाही. शुक्रवारी ते पुस्तक पिशवीत घालून मी मूल गाठलं. दारात बाईंची भाची मंदाताई धान पाखडत होत्या. मला बघून त्यांचं सूप थांबलं.

"आता आला का? तीन हप्ते झाले आत्याले लकवा मारून! बोलणं बंद, उजवा हात बंद."

"मला कुणी काही..."

"खोटं नको बोलू! मी सोता फोन केला तुह्या हापिसात. मनलं, दिवाकरले सांगा, आत्या त्याची वाट पाहून राह्यली. एक पोर नाई तिले. तुलेच पोर समजे ती."

आत खाटेवर बाई पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून घशातून आवाज आला – शब्द नाही, फक्त आवाज. मी पुस्तक उघडून त्यांच्या छातीशी धरलं. त्यांनी डावं बोट त्या बारीक अक्षरांवरून फिरवलं... कितीतरी वेळ.

निघताना मंदाताईंना विचारलं, बुधवारी दुपारी बाई कशा होत्या?

"काऊन? लय बेचैन होती. त्या क्यालेंडरवर डावा हात मारे. मले वाटलं पाणी मांगते. पाणी देलं तं सांडवून टाकलं."

सोमवारी नलूताईंसमोर उभा राहिलो. त्या आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग रडायलाच लागल्या. मंदाताईंचा फोन त्यांनीच घेतला होता. चिठ्ठी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. "साहेब म्हणे, तिकिटं होऊ द्या, नाई तं पळून जाईल तो. परवा सांगू. मी तीनदा आठवण देली भाऊ, आईशपथ."

चिठ्ठी अजून तिथेच होती, काचेच्या पेपरवेटखाली. माझं नाव वर. तीन आठवडे मी त्या टेबलावर याच माणसाच्या मऊ उशीचे फॅक्स नेऊन ठेवत होतो, त्या चिठ्ठीपासून एक वीत अंतरावर.

साहेब परतले. म्हणाले, "फ्रँकफर्टचं हॉटेल एकदम फर्स्ट क्लास!" मी चिठ्ठी समोर ठेवली. फोनचंही सांगितलं, सगळं. का सांगितलं कुणास ठाऊक. त्यांनी चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. "अरे, तुझी बाई मेली तर नाही ना?" एवढंच म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना कळलेलं होतं की माझ्याकडे ट्रॅव्हल एजंट म्हणून भूत आहे.

"ओ भाऊ, आमचं बी वडस्याचं रिझर्वेशन करा ना तुमच्या भुताकडून. खिडकीची सीट सांगजा!"

मी ताट तिथेच ठेवून उठलो.

फोनचं म्हणाल तर अजूनही उत्तर नाही. ऑफिसातल्याच दुसऱ्या फोनवरून कुणी लावला म्हणावं, तर बाईंचा आवाज तिथे कुणी ऐकलेला नव्हता. माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर जी चूक मला माहीतच नव्हती ती माझ्या मनानं कशी दाखवली? आणि मला त्याहून छळतो तो प्रश्न वेगळा आहे. बोलणं बंद झालेल्या बाईंना कुठूनतरी एवढे शब्द मिळाले, तर त्यांनी ते त्या माणसाचं विमान चुकू नये म्हणून का खर्च केले? 'दिवाकर, ये' एवढंच का नाही म्हणाल्या?

बाई गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या आजारपणात मी पाठवलेलं पत्र नंतर त्यांच्या उशीखाली निघालं आणि मंदाताईंनी ते मला परत दिलं. ते जसंच्या तसं देतो.

*

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

मंदाताई हे वाचून दाखवतील. तुम्ही ऐका, उत्तर द्यायचा त्रास घेऊ नका.

तुमचा निरोप माझ्यापासून लपवला गेला. मला तो मिळाला असता तर मी पायी आलो असतो, एवढं खरं माना. ज्यांनी लपवला त्यांना मी माफ केलेलं नाही. तुम्ही शिकवलेल्या सगळ्या गोष्टी मी पाळल्या, ही एक पाळणार नाही.

राजीनामा द्यायचा विचार होता. दिला नाही. घरी बाबांना जाळं आता ओढवत नाही, आणि ही नोकरी तुम्ही वाचवलेली आहे. कशी, ते तुम्हालाच ठाऊक. मी विचारणार नाही.

आज मी पुन्हा सुटीचा अर्ज दिला. साहेबांनी त्यावर 'परवा पाहू' असा शेरा मारला. मी त्यांच्यादेखत त्यांचाच पेन घेतला, 'परवा' खोडलं आणि वर 'मंगळवार' लिहिलं. मग अर्ज उचलून बाहेर पडलो.

म्हणून परवा येतो असं लिहीत नाही. मंगळवारी, चंद्रपूरहून दहाच्या गाडीनं येतो. सूर्य डोक्यावर यायच्या आत मूलला नसलो, तर थोडा वेळ वाट पाहा. कोहळं मी घेऊन येतो. या वेळी ते मी फिरवीन, तुम्ही फक्त बोट लावायचं.

तुमचा,
दिवाकर