कंपनीची आत्या

“या मामींच्या घरी चूल पेटत नाही की काय? या आठवड्यात तिसऱ्यांदा बघतेय.”

हॉटेलात शेजारच्या बाकावरची बाई आत्याकडे बघत आपल्या सुनेला तमिळमध्ये हळूच म्हणाली. माझे कान तापले. आत्यानं मात्र टंबलर उंच धरून, ओठ न लावता, कॉफीचा घोट घशात सोडला, डोळे मिटले आणि आपल्या मराठीत मला म्हणाली, “पेटते की. पण घरची कॉफी कशी झाली, हे मला कोण पुसतो?”

आत्याला पुसणारी एक कंपनी होती. मद्रासची. आमच्या कुंभकोणमच्या हॉटेलांना ती कॉफीची पूड विकायची. हॉटेलवाले ‘शुद्ध कॉफी’ची पाटी लावून आत चिकोरीच्या मुळांची स्वस्त पूड मिसळतात, असा कंपनीला संशय होता. पुरुषांच्या दालनात कंपनीची माणसं गिऱ्हाईक बनून जात, पण बायकांसाठी नुकत्याच झालेल्या पडद्याआडच्या खोल्यांत जाणार कोण? त्यांना घरंदाज, लग्न झालेली, चोखंदळ जिभेची बाई हवी होती. नऊवारी नेसलेली, नाकात हिऱ्याची चमकी घातलेली माझी आत्या तिन्ही अटींत बसली. कॉफी प्यायची, आजूबाजूच्या बायकांना बोलतं करायचं आणि वीस प्रश्नांचा छापील फॉर्म भरून पाठवायचा. फॉर्म इंग्रजी होता, म्हणून मी. मी कॉन्व्हेंटमधून नुकतीच बाहेर पडले होते. मला इंग्रजी लिहिता येत होतं. बोलायचं म्हटलं तर कुठल्याच भाषेत माझं तोंड उघडत नसे.

हॉटेलात बसून लिहिण्याची सोय नव्हती. आत्यानं त्यावर तोड काढली ती पानाच्या डब्याची. वीस प्रश्नांची वीस विड्याची पानं. उत्तर चांगलं असेल तर पान अख्खं, वाईट असेल तर कडेला नखाची खूण. दूध, साखर, टेबलाची सफाई, टंबलरची धग, वेळ, सगळं क्रमानं एकावर एक. घरी आलं की ती चळत उलटायची आणि मी लिहायचे. एकदा चळत उलटून ठेवून आम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, झोपाळ्यावर बसून वरची तीन पानं चुना लावून खाल्ली.

“दूध, साखर आणि टेबल गिळलंत तुम्ही,” आत्या म्हणाली.

“टेबल जरा कडू होतं,” काका म्हणाले. कोर्टात कारकुनी करून त्यांना कशाचंच नवल उरलं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही घोड्याच्या जटक्यात बसून पुन्हा त्या हॉटेलात गेलो. आठवलं ते लिहावं, असं मी सुचवून पाहिलं होतं. आत्या म्हणाली, “आठवलेली चव म्हणजे ऐकीव साक्ष. काकांना पूस, कोर्टात चालते का.”

बायकांना बोलतं करणं तिला फार आवडायचं. तिरुनागेश्वरम्‌ला दर्शन करून आलेल्या, तिरुभुवनम्‌ला लग्नाचं रेशीम घ्यायला निघालेल्या, कुणाहीजवळ ती सरकून बसायची. चोळपुरम्‌ची एक म्हातारी जन्मात पहिल्यांदा हॉटेलात आली होती. कॉफी कशी आहे, असं आत्यानं पुसताच ती भांबावून म्हणाली, “चांगलं म्हणू की वाईट? घरी मला कुणी पुसत नाही.” परतताना जटक्यात आत्या म्हणाली, “तिसांवर वर्षं मी घरात सगळ्यांना पुसत आले, मीठ बरोबर आहे का, तिखट झालं का. मला पुसलं ते या कागदानं.” तो फॉर्म ती घडी न घालता, देवाच्या पोथीसारखा दोन्ही हातांवर धरायची.

मलाही त्या दिवसांची नशा चढली होती. सकाळी वेणी घालतानाच मी विचार करायला लागायचे. आज कुठलं हॉटेल, कुठली जागा, कोण काय बोलेल! मी भिंतीला लागून बसायचे आणि सगळं बघायचे. पोटऱ्यांवर ओलं धोतर चिकटलेले वाढपी, इंग्रजांच्या राजाच्या तसबिरीला घातलेला, शेजारच्या लक्ष्मीच्या तसबिरीइतकाच मोठा हार, पडद्याखालून दिसणारी पावलं. आम्ही हेर होतो, आणि गावात कुणाला पत्ता नव्हता.

निदान आम्हाला तसं वाटत होतं. पानांवर सगळं मावत नसे, म्हणून बारकावे आत्या मला तिथेच सांगायची. मराठीत. आम्ही पिढ्यान् पिढ्या इकडेच राहिलेली, घराबाहेर सगळ्यांशी तमिळ बोलणारी मराठी माणसं. मराठी म्हणजे आमची कुलूपबंद पेटी. महामहम तलावाजवळच्या हॉटेलात तर तिचा आवाज चढायचाच. बायकांच्या खोलीत तिथे एक म्हातारा वाढपी होता, खांद्यावर पंचा, तोंडातून शब्द नाही. त्याच्यासमोर ती खुशाल म्हणायची, “दूध पाणचट.” “टंबलर गार.” “याच्या टकलावर माशी बसली तर घसरेल.” गंमत म्हणजे, पुढच्या खेपेला दूध दाट असायचं आणि टंबलर हातात धरवत नसे. आत्या फुलून जायची. “बघ, आपल्या लिहिण्यानं गावाची कॉफी सुधारते आहे.”

एक दिवस त्याच्या हातून कॉफी टंबलरखालच्या वाटीत, दवऱ्यात, सांडली. आत्या म्हणाली, “हात कापतो याचा. हे मात्र लिहायला हवं.”

म्हाताऱ्यानं दवरा खाली ठेवला आणि आमच्याच मराठीत, खालच्या आवाजात म्हणाला, “लिहू नका, बाईसाहेब. मालक माझ्या जागी दुसरा बघतोच आहे.”

आत्याचा हात पानाच्या डब्यावर तसाच राहिला. “कधीपासून कळतंय तुम्हाला?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही म्हणायचात, मी आत जाऊन सांगायचो.”

“माशीचंही कळलं?”

“तेही.” तो हसला. “बोललो असतो तर तुम्ही गप्प झाला असता. बाहेर आपली भाषा ऐकायला मिळते कुठं?”

घरी आल्यावर आत्यानं मला फक्त एक ओळ लिहायला सांगितली: आम्ही ओळखले गेलो. ओळखले गेलो तर कळवायचं आणि काम सोडायचं, असा कंपनीचा नियम होता. हाताबद्दल तिनं काही सांगितलं नाही. मी लेखणी धरून तिच्याकडे बघत राहिले. “लिही,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं दूध पाणचट म्हणते मी. माझंच कसं चालेल?”

त्या ओळीनं तिचं काम गेलं, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे लग्नांच्या पंगतींत, देवळाच्या प्रसादाला, माझ्या सासरी पहिल्यांदा आली तेव्हासुद्धा, ती पहिला घोट डोळे मिटून घ्यायची. माझ्या सासूबाई तर घाबरून उभ्याच राहिल्या. आजही कुणी मला “कसं झालंय?” असं विचारलं, तर मी “छान” म्हणून मोकळी होत नाही. नीट चाखते, मगच सांगते. ही तिची देणगी.

पण काम वाचवण्याची एक संधी आली होती. पंधरवड्यानं मद्रासहून कंपनीचे एक गृहस्थ घरी आले. कोट, चष्मा, मांडीवर आमच्या फॉर्मांचा गठ्ठा. त्यांनी आत्याला तमिळमध्ये विचारलं, तुम्हाला कुणी ओळखलं? आत्या म्हणाली, “ते मी सांगणार नाही. कॉफी घ्या.”

मग ते माझ्याकडे वळले आणि आत्याला कळू नये म्हणून इंग्रजीत बोलू लागले. हे फॉर्म त्यांच्याकडचे सर्वांत चांगले फॉर्म आहेत. हॉटेलातल्या नोकरानं गुपित फोडलं असेल तर त्याचं नाव सांगावं. मालक त्याला काढेल, प्रकरण मिटेल, आणि आत्याबाईंना दुसऱ्या गावची हॉटेलं देता येतील.

आत्या आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या हातात कोरा फॉर्म होता. तो परत द्यावा लागेल, हे तिला न सांगताच कळलं होतं. काकांनी झोपाळा थांबवला. परक्या माणसासमोर मी आजवर एक वाक्य पुरं केलं नव्हतं. आत्यालाही कळावं म्हणून मी तमिळमध्येच उत्तर दिलं.

“कुणी फोडलं नाही. चूक माझी आहे. हॉटेलात मी फार बोलते.”