मावसाजी आणि फाटकावरची पाटी

जगात कोणीही हळूच स्वतःला बढती दिली, की आमच्या मावसाजींच्या नाकाला खाज सुटायची. पोटासाठी ते नागभीडच्या एका लाकडाच्या डेपोत मुनीमजींच्या हाताखाली कारकून होते; खरा धंदा लोकांची पायरी तपासण्याचा. मार्कंड्याच्या जत्रेत लोक देव बघत, आणि हे पुजाऱ्याच्या आसनावर टेकलेल्या मदतनिसाला विचारत, "तुले इथी कोनं बसवलं?" पंगतीत तूप वाढणारा बदलला तरी यांचा घास अडायचा. मावशी म्हणायची, "यायले सोन्याच्या ताटात वाढा, हे पह्यले ताट कोनं बदलवलं ते पुसतीन."

डेपोच्या फाटकावर पाटी होती : 'शेठजींच्या हुकमाशिवाय माल बाहेर सोडू नये.' मावसाजी ती रोज सकाळी बोट ठेवून पोथीसारखी वाचत. सगळे हसायचे. मीही पोटभर हसलो आहे. "चोर कुलूप कायले फोडन?" ते म्हणत. "तो पाटी बदलवते."

एका दसऱ्याला मावसाजी नेमके हिवतापाने अंथरुणाला खिळले. तिकडे रिवाजाप्रमाणे करवती-कुऱ्हाडींबरोबर पाटीचीही पूजा झाली. पूजेआधी पाटी नव्याने रंगवायची, मग तिला झेंडूचा भलामोठा हार घालायचा आणि दिवाळीपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी पद्धत. पाया सगळे पडले, वाचली कोणीच नाही. पुढे सागाचे लठ्ठे गायब होऊ लागले आणि शेठजींनी फाटकावरच्या म्हाताऱ्या लच्चूला चोर ठरवून हाकलायला काढलं. बिचारा एटापल्लीकडून पोटासाठी आलेला. "मुनीमजी म्हणले, माहा हुकूम पाटीवर हाय, म्हणून माल सोडला," तो रडत सांगत होता. "मले कुठी वाचता येते?" पाटीवरचा मजकूर शेठजींना पाठ होता, म्हणून त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

हे कानावर येताच मावसाजी घोंगडं गुंडाळून कुडकुडत आले आणि त्यांनी सरळ तो वाळका हार उचलला. हमाल 'पाप, पाप' करत मागे सरले. हाराखाली दोन शब्द जास्तीचे निघाले : 'शेठजींच्या किंवा मुनीमजींच्या हुकमाशिवाय'.

"रंगाऱ्याले मजकूर कोनं सांगतला, ते पुसा शेठजी," मावसाजी म्हणाले. "लच्चूनं पाटीचंच ऐकलं."

मुनीमजी शेठजींचे सख्खे मेहुणे. त्यामुळे चूक रंगाऱ्याची ठरली, लच्चूची नोकरी राहिली, आणि पूजेचा हार काढल्याबद्दल मावसाजींना घरी बसवण्यात आलं. न्याय अगदी घरच्या घरी झाला.

मावसाजी वारल्यावर एकदा मी त्या फाटकावरून जात होतो. लच्चूनं हाक मारली, "बाबू, पाटी वाचून द्या ना. तुमचे मावसाजी गेले तवापासून कोनी वाचलीच नाई."

मी वाचली. तिच्यावर आता एकट्या मुनीमजींचं नाव होतं. मला मावसाजींची फार आठवण आली. तेवढ्यात आतून मुनीमजींनी आवाज दिला आणि लच्चूनं फाटक उघडलं.