माघारी ओलांड

अज्जांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. उदगीरपासून कानडी मुलूख जवळ, त्यामुळे आमच्या घरात आजोबांना अज्जा म्हणत. तरुणपणी ते पलटणीत होते. ब्रह्मदेशातल्या लढाईत गुडघ्याला गोळी लागली आणि ते घरी परतले. लढाईविषयी ते कधी बोलत नसत. आम्ही पोरं फारच खोदून विचारायला लागलो की म्हणायचे, "लई चालावं लागलं." तेवढ्यावर विषय संपायचा.

जेवायला बसोत की पारावर, तो पाय समोर लांब पसरलेला असायचा. वाढणाऱ्या बायका वळसा घालून जात. मी मात्र मुद्दाम त्यावरून उडी मारायची. माणसाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते म्हणतात, आणि त्यावर उपाय एकच, ज्यानं ओलांडलं त्यानंच परत उलटं ओलांडायचं. सहा फुटी, पांढऱ्या मिशांचे अज्जा ओरडायचे, "माघारी ओलांड गं, माझी वाढ खुंटंल!" मी माघारी उडी मारीपर्यंत घास हातातच धरून बसायचे. मी कॉलेजात जायला लागले तरी आमचा हा खेळ सुटला नाही. आई कपाळाला हात लावायची.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली होती. विहिरीच्या तळाशी नुसता गाळ उरला होता. जो तो म्हणायचा, आता जिल्हा जवळ आला, सोय झाली. आम्हाला ती सोय लागली ती अज्जांना दवाखान्यात न्यायला. उन्हाळ्यात त्यांचं जेवण तुटलं, तेव्हा वडील आणि मी त्यांना एसटीनं लातूरला घेऊन गेलो. गाडीत त्यांचा पाय मधल्या वाटेवर आडवा आला. चढणारे-उतरणारे बोचकी घेऊन तो ओलांडत होते, आणि अज्जा खिडकीबाहेरच्या उघड्या रानाकडे बघत होते. एकालाही ते माघारी ओलांड म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी काय ते नंतर सांगितलं, मला गाडीतच कळून चुकलं होतं.

परत आल्यावर एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तसंच शेतात पुरतात.

"मला बसवताना पाय दाबतील," अज्जा म्हणाले. "मोडू देऊ नको माय. तुझ्या बापाला सांगवंना, त्यो रडतो."

"अज्जा, काहीबाही बोलू नका."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "हाव म्हण."

"हाव," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून खूप रडले.

आषाढ कोरडाच चालला होता तेव्हा ते गेले. भिंतीला टेकवून त्यांना बसवलं, फेटा बांधला, कपाळाला विभूती लावली. मग नात्यातल्या शहाण्यांचं लक्ष पायाकडे गेलं. अज्जांचे चुलत भाऊ म्हणाले, "अंग गरम हाय तवर वळवून घ्या. मांडीबिगर समाधी कशी व्हईल?" दोघं गुडघ्याशी बसलेसुद्धा. एकानं मांडी धरली, दुसऱ्यानं घोटा.

"हात काढा!" मी ओरडले. घरात एवढी माणसं, त्यात तरण्या पोरीनं ओरडायचं, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कुणाचीच पर्वा वाटली नाही. मी अज्जांच्या पायावर दोन्ही हात ठेवून बसले आणि वडिलांना म्हटलं, "त्यांनी माझ्याकडून हाव म्हणवून घेतलंय."

वडील उठले, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि शेताकडे चालू लागले.

खड्डा नेहमीच्या मापाचा, मांडी घातलेल्या माणसाचा, आधीच तयार होता. वडील त्यात उतरले आणि समोरच्या अंगाला एक चर खोदायला लागले. वरची काळी माती भेगाळलेली, खाली मुरूम, आणि तोही पाण्यावाचून दगड झालेला. कुदळ खणखण वाजत होती. अंत्यविधी करणारे स्वामी निंबाखाली थांबले. लोक उन्हात कुरकुरले, चुलत आजोबा तर सरळ घरी निघाले. बांधापर्यंत गेले, कुदळीचा आवाज ऐकत जरा वेळ उभे राहिले, मग परत आले. धोतर खोचून खड्ड्यात उतरले आणि वडिलांच्या हातातून कुदळ घेतली.

अज्जांना खाली बसवलं तेव्हा ते पंगतीत बसायचे तसेच बसले. एक पाय दुमडलेला, एक समोर सरळ. त्यांच्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि सगळ्यांनी माती लोटली. खड्डा भरला. वर मातीचा ढीग आणि ढिगापुढे पायाएवढा लांबट उंचवटा राहिला.

घराकडे निघताना माझं कशातच लक्ष नव्हतं. चार पावलं गेल्यावर ध्यानात आलं की आपण तो उंचवटा ओलांडून आलो. मी तिथंच थांबले. मागून ओरडा येईल असं मला खरंच वाटलं. वडील पुढून म्हणाले, "चल बाई."

मी मागे वळले, माघारी ओलांडलं, आणि वळसा घालून त्यांच्या मागे गेले.