साडूंच्या हत्यारांची सुट्टी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वस्तूंनी बिघडण्याआधी आमच्या साडूंचा सल्ला घेतला, तर त्यांचे निम्मे हाल वाचतील, असं साडूंचं प्रामाणिक मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. राहणार उचगाव. उभी हयात पाटबंधारे खात्यात कारकुनी केली आणि तिथे पेनाच्या टोपणाशिवाय काही उघडलं नाही. त्याची भरपाई निवृत्तीनंतर चालू आहे. त्यांच्या घरी मिक्सर, पंखा, शिलाई मशीन यांपैकी एक तरी कायम पोट उघडं टाकून कॉटवर पडलेलं असतं आणि पाहुण्याने त्याच्या कडेकडेने बसायचं असतं. सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी मोटारसायकलचा आवाजही ते सोडत नाहीत. एकदा गाडीची काच खाली करून त्यांनी एकाला सांगितलं, "पावणं, चेन ढिली हाय." तो म्हणाला, "चेन न्हाय, मागं दुधाची किटली हाय." साडू म्हणाले, "मग किटली ढिली हाय."

गॅरेज या प्रकारावर त्यांचा विश्वास नाही. "गॅरेजवाला गाडी बघत न्हाय, गिऱ्हाईक बघतो," असं ते गॅरेजमध्ये उभे राहून, गॅरेजवाल्याला ऐकू जाईल असं सांगतात. काम घरच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली. कामाचा पोशाखही ठरलेला. माझ्या लग्नात थोरले जावई म्हणून त्यांना सासरकडून मानाचा सफारी मिळाला होता, तो ते गाडीखाली जाताना घालतात, आणि इस्त्री करून घालतात. त्याच्यावरचे डाग बघून माझी बायको पूर्वी हळहळायची. आता कापडाची तारीफ करते.

हत्यारांच्या बाबतीत मात्र हा माणूस सोवळ्यातला आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून त्यांना विश्रांती देतात हे आपण सगळेच पाळतो. पण साडूंकडे ही सुट्टी आदल्या दिवशी दिवेलागणीला सुरू होते आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावरच संपते. मधल्या काळात पान्याला कुणी बोटही लावायचं नाही. एका खंडेनवमीला अक्कांनी विळीवर कांदा चिरला, तर साडू त्या दिवशी नुसती भाकरी खाऊन उठले.

दोन वर्षांपूर्वी ही शिस्त त्यांच्याच अंगाशी आली. त्यांच्याकडची पांढरी गाडी मूळची आमच्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही दोघंही जावई मामा म्हणायचो. मामा कुरुंदवाडला राहत. नजर गेली तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली थोरल्या जावयाच्या हातात दिली आणि एकच अट घातली : दर दसऱ्याला, दिवस मावळायच्या आत, ह्याच गाडीतून त्यांना नदीवरच्या पुलापलीकडे न्यायचं. ते त्यांचं सीमोल्लंघन. एरवी वर्षभर मामा उंबऱ्याबाहेर पडत नसत. त्या दिवशी मात्र जेवण झालं की फेटा बांधून सोप्यात बसून राहत.

तर त्या वर्षी नवरात्रात गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर पुढून कटकट वाजू लागली. गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "काका, दोन्हीकडचे बॉल जॉइंट गेल्यात. चाक निखळंल, बाहेरगावी काढू नका. आन् दसऱ्यापातूर मला टाईम न्हाय." बॉल जॉइंट म्हणजे पुढच्या चाकाच्या सांध्यातली गोळी आणि वाटी. ती झिजली की चाक स्वतःच्या मताने चालू लागतं. साडूंना आनंद लपवता आला नाही. नवे जॉइंट घेऊनच ते घरी आले आणि मला फोन केला, "पावणं, या. धरायला माणूस पायजे."

अष्टमीला सकाळी गाडी जॅकवर चढली. जोडीला लाकडी ओंडके लावले. उजवी बाजू जेवणाआधी उरकली आणि साडू पोळीबरोबर स्वतःचं कौतुकही दोनदा वाढून घेते झाले. डाव्या सांध्याला मात्र सगळ्या पावसाळ्यांचा गंज धरून बसला होता. साडू हातोड्याने दणका घालत आणि दर दणक्याला मला विचारत, "सुटला?" मी दर वेळी "नाही" म्हणत होतो, आणि हळूहळू त्यांचा राग सांध्यावरून माझ्याकडे वळत होता. तो सुटून नवा जॉइंट बसला तेव्हा अक्का तुळशीपाशी दिवा लावत होत्या. फक्त एक मोठा नट आवळायचा राहिला होता. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. साडूंनी पाना पुसला आणि अक्कांनी पूजेसाठी काढलेल्या परातीत ठेवला. "त्यास्नी आता सुट्टी हाय."

खंडेनवमीला पूजा झाली. जॅक गाडीखाली अडकलेला होता, म्हणून साडू सफारीत आडवे सरकत जाऊन त्याला हळदकुंकू लावून आले. बाहेर आले तर अक्का समोर उभ्या. "उद्या माझ्या बापाला कशातनं न्येणार?" साडू कोपराला लागलेलं कुंकू पुसू लागले. मी भाड्याच्या गाडीचं सुचवून बघितलं. अक्का म्हणाल्या, "त्यास्नी दिसत न्हाय. हातानं दार चाचपून गाडी वळखत्यात." मग मी दबकत म्हटलं की एक दिवस नियम मोडला तर काय बिघडेल. साडू खाली बघत म्हणाले, "ही रीत मला मामांनी लावली. त्यांचीच रीत मोडून त्यास्नी कसं न्येऊ?"

दसऱ्याला सकाळी त्यांनी तोड काढली. "सुट्टी माझ्या हत्यारास्नी हाय. मला न्हाय." मग आम्ही दोघं उचगावात पाना मागत फिरलो. वेल्डर, सायकलवाला, पिठाची गिरणी. पाने सगळीकडे होते आणि सगळीकडे झेंडूखाली होते. शेवटी मागच्या गल्लीतल्या निवृत्त सरांकडे गेलो. सर बौद्ध. पांढरेशुभ्र कपडे घालून विहारात निघाले होते, आणि हत्यारं पूजायची रीत त्यांच्या घरी नव्हती. त्यांनी पेटी दारात आणून ठेवली. "कुठला नंबर पायजे बघून घ्या. परत ठिवताना तेवढा पुसून ठिवा." हत्यार पुसून मागणारा हा माणूस आपल्यातलाच आहे, असं साडू वाटेत म्हणाले. एवढी मोठी पदवी त्यांनी मला अजून दिलेली नाही.

नट आवळला, त्यात पिन घातली. चाक चढवून वर-खाली धरून हलवलं, जरासुद्धा हललं नाही. गाडी खाली घ्यायच्या वेळी साडू थबकले, कारण कुंकू लावलेला जॅक सुट्टीवर होता. मग त्यांनी त्याला हात जोडले. "ह्यो आता उचलत न्हाय, खाली बसतोय. सुट्टीत बसाय चालतंय." गाडी खाली आली.

कुरुंदवाडला पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. मामा फेटा बांधून बसले होते. त्यांनी दार चाचपलं, मान हलवली आणि पुढे बसले. एरवी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलणारे साडू पुलापर्यंत चाकाकडे कान देऊन गाडी चालवत होते. मामाच म्हणाले, "कायबी वाजंना झालंय रं गाडीचं."

"नवं बसीवलं, मामा."

"कुणी?"

"मीच की."

मामांनी विचारलं, "आन् हत्यारं?"

"पूजल्यात. अजून उचलली न्हाईत."

मामांनी हात लांब करून साडूंच्या गुडघ्यावर ठेवला आणि पूल संपेपर्यंत तो तिथेच राहिला. मागच्या सीटवर अक्का पदराने डोळे पुसत होत्या. साडूंवर मी आजवर पुष्कळ हसलो आहे. त्या पुलावर मात्र मला त्यांचा हेवा वाटला.

त्याच पौषात मामा गेले. गेल्या दसऱ्याला कुरुंदवाडला जायचं तसं कारण उरलं नव्हतं, पण साडूंचा फोन आला आणि आम्ही गेलो. घरासमोर गाडी उभी केल्यावर साडू उतरले आणि वळसा घालून पुढच्या दाराशी आले. त्यांनी दार उघडलं, एका म्हाताऱ्या माणसाला चाचपत आत बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते धरून ठेवलं, आणि मग सावकाश लावलं.