शुक्रवारी दार लावायचं?

आमचा नजीब काय काय नाही झाला! पोलीस झाला, चोर झाला, इटालियन पाववाला झाला, एकदा तर पाद्रीसुद्धा. वीस वर्षं त्याची रंगभूषा माझ्याकडे, सगळ्या सिनेमांत त्याच्या मिशा मीच चिकटवत आलेय. पॅरिसजवळच्या जेनविलियेतल्या आमच्या इमारतीत त्याच्या आईचं आणि माझं दार समोरासमोर. आम्ही दोघीही मोरोक्कोतल्या ताझाच्या. फ्रान्सला तो मोठा नट असेल; मी त्याचं नाक पुसलंय.

यंदा गड्याने स्वतःचा सिनेमा काढला. शेवटचा एकच प्रसंग उरला होता. घर सोडून गेलेला मुलगा, म्हणजे नजीबच, परत येतो, आई म्हणते, "मला मुलगा नाही," आणि दार लावून घेते. आईचं काम करणारी बाई ऐनवेळी तापाने पडली. कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता, प्रसंग हुकला असता तर सिनेमाच लटकला असता. म्हणून याने खऱ्या आईला, लल्ला झोहराला, उभं केलं. आणि दिवस कुठला निवडला शहाण्याने? शुक्रवार! त्या दिवशी आमच्यात घराघरात कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवा आणि भाज्या, शिजतंय, येईल त्याला जेवायला बसवतात, आणि म्हणे दार लाव!

दार उघडलं. लल्ला झोहरा म्हणाली, "किती वाळलास रे! आत ये, जेवण गार होतंय."

"आई, तू मला हाकलून द्यायचंय!"

"हो रे बाबा, हाकलते."

दुसऱ्या वेळी तिने कॅमेरावाल्यालाच दंडाला धरून आत ओढलं. "हा बिचारा सकाळपासून उपाशी!" त्यानेही भोपळ्याची फोड तोंडात टाकली. नजीबने कपाळावर हात मारला. मी हसून हसून बेजार.

"आई, उजेड चाललाय. एकदाच लाव दार. खोटं खोटं!"

तिसऱ्या वेळी तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. मग म्हणाली, "एकोणीस वर्षांचा होतास. नाटकात जातो म्हणालास, तर तुझ्या बापाने दार लावलं. मी आतच उभी होते. कडी काढायची हिंमत झाली नाही माझी. आता परत तेच करायला सांगतोस होय रे मेल्या? नाही लावत जा!"

नजीबला पुढचं वाक्य आठवेना. तो उंबऱ्यावरच हमसून हमसून रडायला लागला. खोटं कशाला सांगू, मीही रडले.

कॅमेरावाल्याने हळूच विचारलं, "कॅमेरा बंद करू?"

"हात तर लावून बघ!" नजीब म्हणाला.

लल्ला झोहराने त्याला आत ओढलं आणि आम्हा सगळ्यांवर ओरडली, "बघत काय बसलात? या आत!"

सिनेमा तिथेच संपतो.